काम फत्ते, तरीही १३९

रात्रीच्या बॅचमधला प्रोग्राम आपलं काम चोख संपवतो. व्याजाची फाइल तयार, बेरजा पैन्‌पै जुळलेल्या. तरी शेड्यूलरवर लाल खूण: एक्झिट कोड १३९. लिनक्सच्या शेलमध्ये हे १२८ अधिक ११, आणि ११ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, नको त्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल. शेड्यूलरला बेरजा दिसत नाहीत, कोड दिसतो. त्याने जॉब पुन्हा लावला तर व्याज दोनदा चढू शकतं. म्हणून ‘आउटपुट बरोबर आलंय ना, मग शेवटी क्रॅश झाला तर काय बिघडलं?’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

सी प्लस प्लसमध्ये ‘मेन’ हे फंक्शन संपलं, तरी प्रोग्राम संपलेला नसतो. प्रोग्रामभर कुठूनही वापरता येणारे ग्लोबल ऑब्जेक्ट त्यानंतर मोडले जातात आणि प्रत्येकाचा डिस्ट्रक्टर, म्हणजे आवराआवरीचं फंक्शन, तेव्हा चालतो. एका फाइलमधले ऑब्जेक्ट उलट क्रमाने जातात. शेवटी आलेला आधी. वेगवेगळ्या फाइलींतल्या ग्लोबलपैकी आधी कोण जाणार, याची मात्र भाषा हमी देत नाही.

समजा, एका फाइलमध्ये लॉगर आहे, दुसरीत कॅशे. कॅशेचा डिस्ट्रक्टर जाता जाता लॉगरमध्ये ‘बंद होतोय’ अशी ओळ लिहायला जातो, आणि लॉगर आधीच गेलेला असतो. मांडव उतरवताना लायटिंगवाल्याने वायर आधी गुंडाळली, की वर चढलेला माणूस अंधारात चाचपडतो, तसंच हे. खरी गोम पुढेच आहे. सोडलेल्या मेमरीत जुनी अक्षरं बरेचदा तशीच पडून असतात, त्यामुळे महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी लिंक करताना फाइलींचा क्रम बदलतो, आणि कोडला हातही न लावलेल्या त्या बिचाऱ्यावर आळ येतो.

नव्या मुलांना मी जीडीबी या डिबगरमध्ये बॅकट्रेस, म्हणजे कुणी कुणाला हाक मारली याची यादी, दाखवते. ‘एक्झिट’ दिसतं, त्याच्या वर आपला डिस्ट्रक्टर. मेनचा पत्ताच नसतो. ते पाहून चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो, तो तासभर फळ्यावर समजावूनही पडत नाही.

पायथॉनमध्येही हे दुखणं होतं. प्रोग्राम बंद होताना मॉड्यूलमधल्या ग्लोबल नावांच्या जागी ‘नन’ भरलं जाई आणि आवराआवरीच्या फंक्शनला हाक मारायला कुणी उरत नसे. २०१४च्या ३.४ आवृत्तीने ते बरंचसं बरं केलं.

सी प्लस प्लसमध्ये लॉगर फंक्शनच्या आत स्टॅटिक ठेवावा आणि कॅशेच्या कन्स्ट्रक्टरमधूनच त्याला एकदा हाक मारावी. मग लॉगर आधी पुरा उभा राहतो, म्हणून नंतर मोडतो. किंवा तो मोडूच नये. प्रोसेस संपली की मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेतेच. स्टँडर्ड लायब्ररीतला ‘सीआउट’ही कधीच मोडला जात नाही.

रिव्ह्यूला बसले की मी आधी विचारते: या डिस्ट्रक्टरमधलं डिस्कवर जायलाच हवं असं काही आहे का? असेल, तर ते मेन संपायच्या आत, स्वतंत्र कॉल करून लिहायचं. डिस्क भरलेली असेल, तर निदान तो कॉल तसं सांगू तरी शकतो.