ठिपक्यांमागचा पासवर्ड

मंडळी, आपण पासवर्ड विसरतो, पण चौकटीत काळे ठिपके भरलेले असतात. मग वाटतं, संगणकाला आठवतोय, तर आपल्याला का सांगत नाही? तर्कशास्त्र म्हणतं, दिसत नाही म्हणजे नाही, असं होत नाही. ठिपके हा पडदा आहे, कुलूप नव्हे. शेजारच्याने वाचू नये, एवढंच त्यांचं काम.

क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी असते. तिथे पासवर्ड पाहायला गेलं, की बहुधा आधी संगणकाचा पासवर्ड विचारला जातो. पण ठिपक्यांवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडलं आणि त्या चौकटीचा प्रकार 'पासवर्ड'ऐवजी 'टेक्स्ट' केला, तर काहीही न विचारता अक्षरं उघडी पडतात. आपल्याला जमलं, ते आपला संगणक उघडा सापडलेल्या कुणालाही जमेल!

याउलट, नीट बांधलेल्या संकेतस्थळाकडे आपला पासवर्ड नसतोच, त्याचा 'हॅश' असतो. त्यावरून मूळ अक्षरं उलटी काढता येत नाहीत, म्हणून ते जुना सांगत नाहीत, नवा ठेवायला लावतात. तेव्हा खुर्चीवरून उठताना आपण संगणक लॉक करू या. ठिपक्यांवर विसंबायला नको.