माळ्यावरची भुते

वाशीतली आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आणि पस्तीस वर्षे माळ्यावर निवांत पडलेल्या संसारावर गदा आली. भाड्याच्या घरात काय न्यायचे आणि रद्दीत काय द्यायचे, याच्या याद्या आमच्या सौभाग्यवतींनी केल्या. एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी मात्र यादी अडली. आत 'नवल', 'हंस', 'धनंजय' यांचे जुने अंक होते. काहींची मुखपृष्ठे गेलेली, काही सुतळीने शिवलेले. रद्दीवाल्याने एक अंक उचलला तर कोपऱ्याचा भुगा त्याच्या हातात आला. तो म्हणाला, "साहेब, याला भाव नाही. कागद मेलाय."

खरेच आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःतल्याच आम्लाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो. अमेरिकेत अशा मासिकांना 'पल्प' हे नाव या लगद्यावरूनच पडले. १९२३ मध्ये निघालेले 'विअर्ड टेल्स' भुताखेतांचे, तर १९२६ मधले 'अमेझिंग स्टोरीज' अजब विज्ञानाचे. 'विअर्ड टेल्स'मध्ये लिहिणारा लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये गरिबीत वारला. आज त्याच्या कथा तिकडच्या अभिजात ग्रंथमालेत मानाने बसल्या आहेत.

आपल्याकडे हा शौक घरोघर पोहोचवण्यात अनंत अंतरकरांचा वाटा मोठा. १९४६ मध्ये त्यांनी 'हंस' काढला, पुढे 'मोहिनी' आणि 'नवल'. १९६६ मध्ये ते गेल्यावर आनंद अंतरकरांनी वडिलांचा वारसा चालवला. आमच्या लालबागच्या चाळीत 'नवल' यायचा तो भाड्याच्या वाचनालयातून, आणि तो आणायची माझी आई. सातवीपर्यंत शिकलेली. रात्री सारे निजले की स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून ती वाची आणि सकाळी अंक पिठाच्या डब्यामागे जाई. कारण अण्णांना ते "भिकार वाङ्मय" वाटे. आम्हा भावंडांना तो डबा ठाऊक होता. नारायण धारपांची गोष्ट वाचल्यावर गॅलरीच्या टोकाच्या संडासाला एकट्याने जाणे म्हणजे दिव्यच! धाकटा भाऊ सोबतीला यायचे पाच पैसे घेई.

अण्णांची तक्रार एवढीच होती, की यातून अंधश्रद्धा वाढते. मला अनुभव उलटा आला. भुताच्या गोष्टी कोळून प्यालेल्या माझ्या आईने आमच्या आजारपणात कधी भगताचा उंबरा चढला नाही. शेजारणी अंगारे-धुपारे सुचवत, तेव्हा ती म्हणे, "अहो, भुतं गोष्टीत शोभतात. पोराला ताप आहे, डॉक्टरकडे न्यायला हवं."

लिहिणारेही काही मांत्रिक नव्हते. धारप (१९२५–२००८) रसायनशास्त्र शिकलेले. पडक्या वाड्यातली भीती त्यांनी अशी रंगवली, की त्यांचा 'समर्थ' येईपर्यंत वाचकाला धीर नसे. रत्नाकर मतकरी तर आमच्याच बिरादरीतले: १९७८ पर्यंत वीस वर्षे त्यांनी बँकेत नोकरी केली. त्यांच्या कथेतली भीती ओळखीच्या माणसात, रोजच्या घरात दबा धरून बसते. अजब विज्ञानाच्या वाटेने तर थेट शास्त्रज्ञच आले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते.

सारेच सोने होते असे नाही. पुष्कळशा कथा परदेशी कथांवर बेतलेल्या असत आणि मूळ लेखकाचे नाव शोधूनही सापडत नसे. पण पुढे काय होणार, या एका प्रश्नावर पान उलटायला लावण्याची विद्या मी तिथेच शिकलो.

आणि इथेच मला एक कबुली द्यायची आहे. माझी पहिली कादंबरी आली तेव्हा एका मुलाखतकाराने विचारले, "तुमच्यावर संस्कार कुणाचे?" मी 'सत्यकथे'तली चार भारदस्त नावे घेतली. 'नवल'चे नाव घेतले नाही. आईने ती मुलाखत वाचली, कात्रण जपून ठेवले, आणि हसून एवढेच म्हणाली, "पिठाचा डबा राहिला की रे!" आज ती नाही. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासली. हे एक खाते मात्र अजून जुळलेले नाही.

ट्रंक रद्दीत गेली नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातीला मराठी वाचायला जड जाते, म्हणून मी मोठ्याने वाचतो आणि पान उलटण्यापूर्वी ती मोबाइलवर त्याचा फोटो काढते. आपल्याही माळ्यावर असे अंक असतील, वाचकहो, तर वजनकाट्यावर घालण्याआधी एकदा उघडून पाहा. प्रतिष्ठित कपाटांनी ते फारसे जपलेले नाहीत; जपले असतील तर घरांनीच.

काल रात्री गोष्ट संपवून मी दिवा मालवायला उठलो. पांघरुणातून आवाज आला, "आजोबा, पॅसेजमधला राहू दे ना."

मी तो राहू दिला.