लेखांक ६ : तीच बाई, पुढचा शॉट

मागच्या लेखात एका शॉटचा प्रॉम्प्ट लिहिला. खरी अडचण दुसऱ्या शॉटपासून सुरू होते.

कोकणातल्या भातलावणीवर एक मिनिटाची फिल्म करायची आहे असं धरू. गुगलचं २०२५ मध्ये आलेलं व्हिओ ३ हे प्रॉम्प्टवरून व्हिडिओ बनवणारं एआय मॉडेल एका वेळी ८ सेकंदांचं दृश्य देतं, म्हणजे किमान ८ शॉट लागणार. पहिल्यात हिरव्या लुगड्यातली, पन्नाशीची बाई इरलं घेऊन चिखलात वाकलेली आहे. दुसऱ्यासाठी नुसतं ‘तीच बाई बांधावर बसते’ असं लिहिलं, तर ‘तीच’ म्हणजे कोण हे मॉडेलला कळायला मार्ग नाही. प्रत्येक प्रॉम्प्ट ते नव्यानेच वाचतं. मग लुगडं निळं होतं, बाई तिशीची होते आणि इरल्याच्या जागी छत्री येते.

म्हणून प्रॉम्प्टचे तुकडे करावेत. पात्र, जागा आणि उजेड फिल्मभर बदलत नाहीत. त्यांची वर्णनं एकदाच लिहून, नाव देऊन ठेवावीत आणि प्रत्येक शॉटमध्ये अक्षरशः तीच चिकटवावीत. लिहिणाऱ्याला पुनरुक्ती टाळायची सवय असते, ती इथे सोडावी लागते. एकदा ‘हिरवं’ आणि एकदा ‘पोपटी’ लिहिलं की लुगडी दोन झाली. इरल्यासारख्या वस्तूचं तर नावही पुरत नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांचं आच्छादन, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं, असं सगळं सांगावं लागतं. आपल्याकडच्या वस्तू पडद्यावर नीट याव्यात असं वाटत असेल, तर ही मेहनत आपणच घ्यायला हवी.

बदलतात त्या कृती आणि कॅमेरा. त्यांच्यासाठी तक्ता करावा, एका शॉटला एक ओळ : लाँग, मिड की क्लोजअप, कॅमेऱ्याची हालचाल, बाईची कृती, तिचं तोंड कोणत्या दिशेला. ८ सेकंदांत रोप लावणं, कंबर सरळ करणं, घाम पुसणं आणि आभाळाकडे पाहणं कोंबू नये. एकच कृती पुरे. दिशेचा रकाना अनेक जण गाळतात. तिसऱ्या शॉटमध्ये ती डावीकडून उजवीकडे सरकत असेल आणि चौथ्यात उलट, तर ती परत फिरली असंच प्रेक्षकाला वाटतं.

हा तक्ता मॉडेल उघडण्याआधी भरावा, असं माझं ठाम मत आहे. सत्यजित राय यांनीही ‘पथेर पांचाली’ची (१९५५) दृश्यं चित्रीकरणाआधी वहीत चितारली होती. नाहीतर पडद्यावर काहीतरी सुंदर उमटलं की आपल्याला काय हवं होतं, तेच विसरायला होतं.

शॉट जमला की त्याच ओळीत मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि मिळत असेल तर सीड (मॉडेलची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा) नोंदवावा, कारण आवृत्ती बदलली की तेच शब्द वेगळं चित्र देतात. रनवेच्या जेन-४ सारख्या साधनांत पात्राचं संदर्भचित्र देता येतं; ते चित्रही वर्णनाशेजारीच ठेवावं. फसलेला प्रॉम्प्ट पुसू नये, का फसला ते एका वाक्यात लिहावं. बाईचं वर्णन या फिल्मपुरतंच आहे, पण इरलं आणि पावसाळी उजेड पुढेही लागतील. त्यांची फाइल वेगळी करा.