मंदीत सरकारचा पैसा कुणाच्या हाती जातो?

बाजारात मंदी आली की तिची झळ आधी कुणाला बसते? ज्याची नोकरी कायम आहे त्याला नव्हे. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी बंद होते आणि मग कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नको’ असे सांगितले जाते. कामगाराच्या घरात पैसा नाही म्हणून दुकानात माल पडून राहतो. दुकानात माल खपत नाही म्हणून कारखाना उत्पादन आणखी कमी करतो. हे चक्र थांबवणे सरकारच्या हातात असते. पण ते कसे थांबवायचे, हा आपल्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

दोन हत्यारे

मंदीत सरकार कर कमी करते किंवा स्वतः जास्त खर्च करते. दुसरे हत्यार रिझर्व्ह बँकेकडे असते. ती व्याज उतरवते, म्हणजे कर्ज स्वस्त होऊन खरेदी वाढावी आणि कारखाने चालावेत. २००८ साली अमेरिकेतील बँका कोसळल्या, तेव्हा आपल्या देशात दोन्ही हत्यारे वापरली गेली. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर ऑक्टोबर २००८ च्या सुरुवातीला ९ टक्के होता. एप्रिल २००९ पर्यंत तो ४.७५ टक्क्यांवर आला. डिसेंबरात उत्पादन शुल्कही ४ टक्क्यांनी कमी झाले. देश लवकर सावरला. परंतु सवलती वेळेवर मागे घेतल्या नाहीत, अशी टीका पुढे झाली. त्यात २००९ च्या दुष्काळाची भर पडली आणि महागाई दोन आकडी झाली. औषध उशिरा दिले तर रोग वाढतो, जास्त दिले तर दुसराच रोग जडतो.

महाराष्ट्राने काढलेला मार्ग

मग योग्य वेळ ठरवायची कुणी? याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडते. १९७२-७३ च्या दुष्काळात शेती बुडाली. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत, बंधारे बांधत होते. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. आपल्या पगारपत्रकात ही कपात आजही दिसते. तिच्या मुळाशी दुष्काळी गावातील मजुराची भाकरी आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

या योजनेची खुबी अशी की, मंत्र्याच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही. शेतात काम नसले की मजूर काम मागतो, पैसा आपोआप बाहेर पडतो. पाऊस चांगला झाला की मजूर शेतात परततो, सरकारचा खर्च आपोआप आटतो. शिवाय हा पैसा तिजोरीत पडून राहत नाही. तो त्याच आठवड्याच्या बाजारात ज्वारी, तेल, मीठ घेण्यात जातो.

पुढे २००५ साली याच धर्तीवर देशासाठी कायदा झाला. टाळेबंदीत, एप्रिल ते जून २०२० मध्ये, देशाचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा जवळपास एक चतुर्थांशाने घटले. शहरे सोडून मजूर गावी परतले. २०१९-२० मध्ये या कायद्याखाली सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते, ते २०२०-२१ मध्ये सुमारे ३८९ कोटींवर गेले. कायदा होता म्हणून काम मागता आले. मात्र त्या कायद्यात शहराला जागा नव्हती. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला शिधा मिळाला, कामाची हमी मिळाली नाही.

मर्जी नको, नियम हवा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात चलनाचा कारभार सरकारच्या मर्जीवर सोडण्यास विरोध केला होता. रुपये किती काढायचे याला कायद्याचे बंधन असावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा विषय चलनाचा होता, पण कसोटी इथेही लागू पडते. संकटात दिलेली मदत ही मेहेरबानी असेल तर ती केव्हाही बंद होते. हक्क असेल तर मागता येते.

म्हणून यापुढे मंदीत सरकारने ‘इतके हजार कोटी’ जाहीर केले, की आपल्या वस्तीत, आपल्या युनियनमध्ये तीन प्रश्न विचारले पाहिजेत : हा पैसा कुणाच्या हाती जाणार? केव्हा जाणार? आणि तो मागण्याचा हक्क कायद्यात आहे काय?