एलियट स्मिथचा १९९५ चा अल्बम ऐकलाय का?

गायक-गीतकार एलियट स्मिथ म्हटलं की लोक 'आयदर/ऑर' या अल्बमचं (१९९७) किंवा 'गुड विल हंटिंग' चित्रपटातल्या, ऑस्कर नामांकन मिळालेल्या 'मिस मिझरी' गाण्याचं नाव घेतात. पण त्याआधी, १९९५ मध्ये 'किल रॉक स्टार्स' या छोट्या लेबलने काढलेला, त्याच्याच नावाचा अल्बम मागे पडतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्यातलं 'नीडल इन द हे' तेवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, तेही 'द रॉयल टेनेनबॉम्स' या चित्रपटामुळे.

ऐकणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी, की सगळी गाणी एकसारखी आणि उदास आहेत. उदास आहेत, खरंच. पण हेडफोन लावून ऐका. तो एकच ओळ दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवतो. दोन्ही जवळजवळ जुळतात, पण पूर्ण नाही, आणि त्या फटीतूनच ती कुजबुज अंगावर येते. तारांवरून बोटं सरकल्याचा चरचर आवाजही त्याने तसाच ठेवलाय. 'सेंट आइड्स हेवन'मध्ये स्पिनेन्स बँडच्या रिबेका गेट्सचा आवाज मिसळतो, तिथे मी दरवेळी थांबतो.

चाहत्यांमध्ये या अल्बमला 'आयदर/ऑर'च्याही वर ठेवणारे आहेत. मी त्यांच्याच बाजूचा. सुरुवात 'द बिगेस्ट लाय'पासून करा, ते अल्बममधलं शेवटचं गाणं असलं तरी.