डब्यात येसर, दहा मिनिटांत आमटी

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, येरमाळा, शिराढोण या भागात तिन्हीसांजेला अवचित पाहुणा आला आणि घरात भाजीची काडी नसली, तरी कुणी गडबडत नाही. फळीवरून येसराचा डबा खाली येतो. पाणी, फोडणी, दोन-तीन चमचे येसर, की आमटी झाली. शहरात पाकीट फोडून जे सूप होतं, ते काम इथं हा डबा कधीपासून करतोय.

येसर, कुणाच्या तोंडी येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळीचं मसालेदार पीठ. घरोघरी माप निराळं, पण साधारण धरायचं तर बाजरी किंवा ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ वाटी-वाटीभर, अर्धी वाटी धणे, दोन चमचे जिरे, शिवाय थोडी मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुंठ आणि हळद. मीठ नाही, ते आमटीतच. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण एकत्र टाकलं तर डाळ होईतो जिरं करपून जातं. आच मंद. डाळ खमंग, तांबूस झाली, दाताखाली कुडकुडली, की उतरवायची. पूर्ण गार झाल्यावरच दळायला न्यायचं. कोमट धान्याच्या वाफेनं पिठात ओल धरते.

खरी मेहनत इथंच संपते. उन्हाळ्यात एक दुपार चुलीपुढं घालवली की पुढचे कितीतरी दिवस स्वयंपाक हलका होतो. भाजल्यानं ओल निघून जाते, म्हणून कोरड्या डब्यात येसर महिनोन्‌महिने टिकतं. कच्चट वास आधीच गेलेला असतो, त्यामुळं बेसनासारखं फार रटरटत ठेवावं लागत नाही. आणि भाजलेल्या पिष्टाची दाटपणा आणायची ताकद कमी होते, म्हणून आमटी पिठल्यासारखी न गोठता वाटीनं भुरकता येईल इतकी पातळ राहते. नव्या हाताचं घोडं अडतं ते गुठळ्यांपाशी. येसर कोरडंच उकळत्या पाण्यात पडलं, की गोळ्याची वरची बाजू लगेच शिजून बंद होते आणि आत पीठ तसंच राहतं. म्हणून ते आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं.

चार वाट्या पाण्याला तीन चमचे येसर पुरतं. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. त्यावर काळं तिखट, आणि ते जळायच्या आत पाणी. उकळी फुटली की कालवलेलं येसर, मीठ, चिंचेचा कोळ, खडाभर गूळ. पाच-सात मिनिटं उकळू द्यावं, वर तेलाचा तवंग दिसला की झालं. पुरणाचा बेत असेल तर साध्या पाण्याऐवजी डाळीचं येळवणी घ्यावं. ती आमटी वेगळ्याच पंक्तीतली.

युक्ती आपलीच, असं मात्र नाही. 1867 साली जर्मनीत ग्रुनेबर्ग नावाच्या आचाऱ्यानं वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाला एकत्र दाबून कांडी बनवली. 1870 च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात प्रशियाचे सैनिक ती पाण्यात कुस्करून उकळायचे. स्वित्झर्लंडमध्ये जूलियस मॅगीनं 1880 च्या दशकात वाटाणा-घेवड्याच्या पिठाची झटपट सुपं काढली, ती कारखान्यात राबून घरी आल्यावर चूल पेटवायला वेळ नसलेल्या बायकांना डोळ्यांपुढं ठेवून. आज दुकानातलं सुपाचं पाकीट उलटून वाचलं तर बहुधा मक्याचं पिष्ट, साखर आणि मीठच पुढं दिसतं, डाळ क्वचित. धान्य आणि डाळ दोन्ही पोटात घालणारं येसर त्यापुढं उजवं, असं माझं स्वच्छ मत आहे.

हा पदार्थ इथं का रुजला, ते रानाकडं पाहिलं की कळतं. पाऊस बेभरवशाचा, कोरड्या सालात पालेभाजी दुर्मीळ. कणगीत टिकणारी ज्वारी आणि हरभरा तेवढा हक्काचा. आता खरिपाचं रान सोयाबीननं व्यापलंय, बाजरी बऱ्याच घरी विकत येते. तरी येसर चुकत नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरापोरींना थोडक्यात सांगायचं तर, गिरणी नसली तरी मिक्सरवर वाटीभराचं येसर होतं. बारीक चाळणीनं चाळून घ्या. चाळणीवर उरलेला रवाळ भाग टाकू नका. मटणाच्या रश्श्याला तोच चांगला लागतो.