पाणी गावाचं, मदत जगाची

मंडळी, आपल्या नांदगाव तालुक्यात पाऊस थोडा. जो पडतो, तोही नाल्यानं धावत पांझणेला आणि पुढं गिरणेला जातो. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. कित्येक घरं ऊसतोडीला परमुलखात जातात. यावर इलाज काय?

फादर हरमन बाखर हे मूळचे दूरच्या स्वित्झर्लंड देशाचे. ते १९४८ साली भारतात आले. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांत त्यांनी पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांच्या पुढाकारानं १९८९ साली भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मनीचा, नाबार्ड बँक आपली आणि घाम गावाचा. आधी गावानं श्रमदान करायचं, मग मदत मिळायची. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीनं असंच काम केलं.

काम माथ्यापासून सुरू करतात. डोंगरउतारावर समतल चर खणायचे, झाडं लावायची. मग शेताला बांध घालायचे. नाल्यावरचा बंधारा शेवटी. तो आधी बांधला, तर वरची माती येऊन गाळानं भरतो.

वरच्या रानात काही वर्षं चराई बंद, कुऱ्हाड बंद. हे सर्वांत अवघड! शेळ्यांवर पोट असलेल्यानं काय करावं? त्याला विचारल्याशिवाय बंदी टिकत नाही. म्हणून ग्रामसभेत त्यालाही बसवावं, बायकांनाही बसवावं.

परदेशी माणसाकडून आपण शिकावं, त्यालाही शिकवावं. पाणी कुठं मुरतं, हे गावालाच ठाऊक असतं. गाव करील ते राव काय करील?

पुढचा पाऊस पडला, की शिवारात फिरा. पाणी कुठून धावतं, ते आपल्या डोळ्यांनी पाहा.